दुधातील स्निग्धांश आणि दुभत्या जनावरांचा आहार



परभणी जिल्ह्यातील कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळच्या प्रहरी घटकाभर थांबले, तर एक प्रश्न हमखास कानी पडतो : “आज फॅट किती लागली?” दूध किती लिटर भरले, यापेक्षाही या आकड्याकडे उत्पादकाचे लक्ष अधिक असते. दुधाचा दर स्निग्धांश आणि स्निग्धेतर घनपदार्थ यांवर ठरतो. त्यामुळे फॅट थोडी जरी उतरली तरी त्याचा फटका थेट पंधरवड्याच्या हिशेबाला बसतो.

फॅट उतरली की शेतकरी घरच्या घरी उपाय शोधू लागतो. दुधात स्निग्धांश कमी पडतो, त्या अर्थी खाण्यात तो कमी पडत असला पाहिजे, असे त्यास वाटते. मग आंबोणातील सरकी वाढते. काही घरांत नुकत्याच व्यालेल्या म्हशीस तेलही पाजले जाते. पुष्कळदा होते असे की, खर्च वाढतो आणि फॅट मात्र आणखी खाली येते. हा अनुभव चमत्कारिक वाटला तरी त्यामागील कारण शास्त्राने आता पुरते उलगडले आहे. खाण्यातील स्निग्धांश आणि दुधातील स्निग्धांश यांचा संबंध आहे हे खरे. परंतु तो सरळ नाही. त्या दोहोंच्या मध्ये जनावराचे कोटीपोट आहे, आणि कोटीपोटाचे नियम मोडून फॅट मिळत नाही.

दुधातील स्निग्धांश कोठून येतो?

गाय आणि म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात : कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि खरे पोट. यांतील कोटीपोट म्हणजे एक मोठी आंबवण्याची टाकीच होय. तेथे वास करणारे असंख्य सूक्ष्मजीव कडब्यातील तंतुमय भाग कुजवितात, आणि त्यातून असेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक ही आम्ले तयार होतात. माणसाच्या पोटात जे तंतू पचत नाहीत, त्यांतून जनावरास मिळणारी बहुतेक शक्ती याच आम्लांच्या रूपाने मिळते.

या तीन आम्लांची कामे वेगवेगळी आहेत. प्रोपिऑनिक आम्लापासून यकृतात साखर बनते, आणि त्याच साखरेपासून कासेत दुधाची शर्करा तयार होते. असेटिक आम्ल कासेत पोचले की त्यापासून दुधातील स्निग्धांश घडविला जातो. गाईच्या दुधातील स्निग्धांशापैकी सुमारे निम्मा भाग अशा रीतीने कासेतच तयार होतो. उरलेला निम्मा भाग रक्तावाटे येतो. त्यात आहारातील स्निग्धांश असतो आणि जनावराच्या अंगावरची चरबीही असते.

असेटिक आम्ल प्रामुख्याने वैरणीच्या तंतूंपासून मिळते. याचा अर्थ असा की, फॅटचा निम्मा हिस्सा ढेपेतून किंवा तेलातून येत नसून कडब्यातून येतो. वैरण चघळताना आणि रवंथ करताना जनावराच्या तोंडी जी लाळ सुटते, ती मोठ्या गाईत दिवसाकाठी शंभर लिटरच्या आसपास असते. या लाळेतील क्षार कोटीपोटातील आंबटपणा आटोक्यात ठेवतात. वैरण कमी झाली, रवंथ घटले, की लाळही घटते. आंबटपणा वाढतो आणि तंतू पचविणारे सूक्ष्मजीव मंदावतात. त्याचा परिणाम अखेर फॅटवर दिसतो.

व्याल्यानंतरचे दिवस

दुभत्या जनावराच्या चयापचयाची खरी कसोटी व्याल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत लागते. दूध चढत जाते ते साधारणतः चौथ्या ते आठव्या आठवड्यापर्यंत. भूक मात्र त्या मानाने उशिरा, अडीच-तीन महिन्यांनी, पूर्णत्वास येते. मधल्या काळात जनावर जेवढे खाते त्याहून अधिक दुधावाटे देते. ही तूट ते अंगच्या चरबीतून भरून काढते.

ही तूट किती मोठी असते, याची कल्पना एका हिशेबाने येईल. दिवसाला ८ लिटर दूध देणाऱ्या आणि ७ टक्के फॅट असणाऱ्या म्हशीच्या दुधातून रोज सुमारे ५६० ग्रॅम स्निग्धांश बाहेर पडतो. शक्तीच्या मापाने पाहिले, तर हे दूध ४ टक्के फॅटच्या सुमारे साडेअकरा लिटर दुधाइतके भरते. म्हणून ‘म्हैस दूध थोडेच देते, तिला खुराक कशाला’ हा समज चुकीचा आहे. लिटर थोडे असले तरी कासेवरचा भार थोडा नसतो.

अंगची चरबी वितळली की ती मेदाम्लांच्या रूपाने यकृताकडे जाते. बेताने आली तर यकृत तिचा विनियोग करते. लोंढा मोठा असला आणि साखर अपुरी पडली, तर मेदाम्ले पूर्णपणे जळत नाहीत. काही यकृतातच साठतात, तर काहींपासून किटोन द्रव्ये तयार होऊन रक्तात उतरतात. यासच पशुवैद्यक किटोसिस म्हणतात. जनावर आंबोण नाकारते, वैरण मात्र थोडीबहुत खाते. दूध एकाएकी घटते, अंग झडते आणि श्वासास अतिपक्व फळासारखा गोडसर वास येतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत. पशुवैद्यकास त्वरित बोलवावे. शिरेतून ग्लुकोज देऊन बहुतेक जनावरे सावरतात.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. चरबी वेगाने वितळत असताना तिचा काही भाग दुधातही उतरतो, आणि त्यामुळे नुकत्याच व्यालेल्या गाईची फॅट काही दिवस वाढलेली दिसते. उत्पादक आनंदित होतो. प्रत्यक्षात गाय स्वतःचे अंग विकत असते. वाढलेली फॅट आणि खंगत चाललेले अंग ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. शक्तीची तूट लांबली की जनावर माजावर उशिरा येते, गाभण राहत नाही आणि भाकड काळ वाढतो. दुधाच्या दरात दिसून न येणारा हा तोटा पुष्कळदा सर्वांत मोठा असतो.

सरकी, ढेप आणि तेल

या तुटीच्या काळात आहारात स्निग्धांश घालण्याचा विचार मुळात चुकीचा नाही. स्निग्ध पदार्थांत पिठूळ पदार्थांच्या सव्वादोन पट शक्ती असते. थोड्या घासात अधिक शक्ती देण्याचा तो सोपा मार्ग आहे. प्रश्न असतो तो प्रमाणाचा आणि रूपाचा.

जनावराच्या एकूण शुष्क आहारात स्निग्धांशाचे प्रमाण ६ टक्क्यांच्या फारसे वर जाऊ नये, असा सर्वसाधारण नियम आहे. कडबा आणि साधे आंबोण यांतून दोन ते तीन टक्के स्निग्धांश आपोआप मिळतो. म्हणजे दिवसाला १२ किलो शुष्क आहार घेणाऱ्या म्हशीची मर्यादा सुमारे ७२० ग्रॅमची. त्यांपैकी ३०० ग्रॅम नेहमीच्या खाण्यातच आले. आता मानवत, सेलू या कापसाच्या पट्ट्यांत सहज मिळणारी सरकी घ्यावी. सरकीत तेलाचे प्रमाण १८ ते २० टक्के असते; दीड किलो सरकीतून सुमारे २७० ग्रॅम तेल पोटात जाते. बेरीज ५७० ग्रॅम होते, म्हणजे मर्यादेच्या आत राहते. परंतु त्यातच घाणीची ढेप किलोभर घातली, तर तिच्यातील ६ ते ८ टक्के तेलाने आणखी सुमारे ७० ग्रॅमची भर पडते. वरून पाव लिटर तेल पाजले, की आणखी २३० ग्रॅम वाढतात. एकूण आकडा ८७० ग्रॅमवर जातो आणि मर्यादा ओलांडली जाते. प्रत्येक वस्तू स्वतंत्रपणे चांगली असली तरी त्यांची बेरीज कोणी करीत नाही, आणि नुकसान नेमके तेथेच होते.

मर्यादा ओलांडल्यावर काय घडते? वनस्पतिजन्य तेले असंपृक्त असतात. ती कोटीपोटात मोकळी झाली की तंतू पचविणाऱ्या सूक्ष्मजीवांना मारक ठरतात. कडबा पोटात जातो. पण पूर्ण पचत नाही, आणि असेटिक आम्ल घटते. सूक्ष्मजीव या तेलांना संपृक्त रूप देऊन आपला बचाव करीत असतात. गाई-म्हशींचे तूप थिजते त्याचे एक कारण हेच. परंतु तेलाचा भार वाढला आणि त्याच वेळी कोटीपोट आंबट झाले, तर ही क्रिया आडवळणाने जाऊन अर्धवट राहते. त्यातून जी विशिष्ट मेदाम्ले निपजतात, त्यांपैकी एक कासेतील स्निग्धांश घडविण्याचे कामच रोखते. २००० साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, हे मेदाम्ल दिवसाला केवळ १० ग्रॅम इतके कोटीपोट टाळून थेट खऱ्या पोटात सोडले असता गाईंच्या दुधातील स्निग्धांश ४० टक्क्यांहून अधिक घटला. आहारामुळे फॅट उतरते हे फ्रान्समधील बूसँगो यांनी १८४५ मध्येच नोंदविले होते. त्याचे कारण हाती येण्यास दीडशे वर्षे लागली.

परभणीच्या शेतकऱ्याने या संदर्भात करडईच्या तेलाविषयी विशेष सावध असावे. करडई हे या भागाचे जुने रब्बी पीक, आणि ‘परभणी कुसुम’ हा तिचा वाण येथील कृषी विद्यापीठानेच दिला. तिच्या तेलात लिनोलिक हे असंपृक्त मेदाम्ल सुमारे तीन-चतुर्थांश असते. माणसाच्या आहारात हा त्याचा गुण मानला जातो. कोटीपोटात मात्र तोच दोष ठरतो. सरकीचे तेलही असंपृक्तच असते, परंतु अखंड सरकीत ते टरफलाच्या आत असल्यामुळे चघळण्याबरोबर हळूहळू सुटते. शिवाय सरकीवरील तंतू वैरणीचे थोडे काम करतात. म्हणून तेल पाजण्यापेक्षा मोजून दिलेली सरकी बरी. सरकीत गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. प्रौढ जनावराचे कोटीपोट त्याचा बराचसा बंदोबस्त करते. लहान वासरांचे करू शकत नाही. म्हणून वासरांना सरकी किंवा तिची ढेप देऊ नये.

बायपास फॅट

अधिक दूध देणाऱ्या जनावरांसाठी आता एक वेगळा मार्ग उपलब्ध आहे. मेदाम्लांचा चुन्याशी, म्हणजे कॅल्शियमशी, संयोग घडविला की एक प्रकारचा साबण तयार होतो. तो कोटीपोटात विरघळत नाही. खऱ्या पोटातील तीव्र आम्लात मात्र फुटतो आणि पुढे आतड्यात शोषला जातो. कोटीपोटास बगल देऊन जाणारा म्हणून त्यास ‘बायपास फॅट’ असे नाव पडले. अमेरिकेतील ओहायो राज्यात पामक्विस्ट व जेंकिन्स यांनी १९८० च्या दशकात या कल्पनेस शास्त्रीय रूप दिले. आपल्याकडे आणंद येथील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याचा प्रसार केला आहे.

मात्रा साधारणतः दर लिटर दुधामागे १५ ते २० ग्रॅम, आणि काळ व्याण्याच्या दहा दिवस आधीपासून व्याल्यानंतर सुमारे ९० दिवसांपर्यंत, असे मंडळाचे मार्गदर्शन आहे. हा पदार्थ स्वस्त नव्हे. दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या जनावरास तो देऊन लाभ नाही. संकरित गाय किंवा भरपूर दूध देणारी म्हैस यांनाच, आणि तेही वैरण पुरेशी असेल तरच, त्याचा उपयोग होतो. मूळ आहार अपुरा असताना बायपास फॅट देणे म्हणजे पाया न घालता कळस चढविणे होय.

कडब्याचा प्रश्न

हे सारे विवेचन अखेर कडब्यापाशी येऊन थांबते. मराठवाड्याची जनावरे ज्वारीच्या कडब्यावर वाढलेली आहेत. लाल कंधारी आणि देवणी या गाई, तसेच मराठवाडी म्हैस, या इथल्या जाती दूध बेताचे देतात. पण भरड वैरणीवर आणि कडक उन्हात तग धरतात. गेल्या काही दशकांत खरिपातील ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली. कापूस होताच. रोख पैसा हाती आला. पण गंजी उणावली. सोयाबीनचे भुसकट आणि हरभऱ्याची गुळी यांचा उपयोग होतो खरा, परंतु लांब धाट्यांचा कडबा रवंथास जशी चालना देतो तशी बारीक भुसकट देत नाही. वैरणीची ती उणीव मग सरकी आणि ढेप यांनी भरून काढली जाते, आणि कोटीपोटाचा तोल जातो. पाऊस हुकला की हा प्रश्न किती बिकट होतो, हे १९७२ च्या आणि त्यानंतर २०१५-१६ च्या दुष्काळाने दाखवून दिले आहे.

उपाय नाहीत असे नाही. १८ मे १९७२ रोजी परभणीस स्थापन झालेल्या मराठवाडा कृषी विद्यापीठाने, ज्यास २०१३ पासून वसंतराव नाईक यांचे नाव आहे, ‘परभणी मोती’ यासारखे रब्बी ज्वारीचे वाण दिले. त्यांपासून धान्य आणि कडबा ही दोन्ही मिळतात. रब्बीत काही गुंठे तरी ज्वारी राखणे, कडब्याची कुट्टी बोटभर लांबीची ठेवणे, जायकवाडी कालव्याच्या लाभक्षेत्रात बांधावर आणि पाटालगत बहुवार्षिक हिरवे गवत लावणे, आणि हिरव्या मक्याचा मुरघास करून ठेवणे या गोष्टी कोणाही पशुपालकाच्या आवाक्यातील आहेत. कुट्टी पिठासारखी बारीक केल्यास ती वाया जात नाही, पण रवंथ घटते, हे ध्यानात ठेवावे. स्निग्धांश अधिक दिला जात असता कॅल्शियम व मॅग्नेशियम हे क्षार साबणाच्या रूपाने अडकून पडतात. म्हणून खनिज मिश्रण नेमाने द्यावे.

व्याण्यापूर्वीचे दोन महिने जनावर आटवून त्यास विश्रांती द्यावी. या काळात ते रोड राहू नये, तसेच अति माजलेलेही नसावे. लठ्ठ जनावर व्याल्यानंतर कमी खाते आणि किटोसिसला लवकर बळी पडते. व्याल्यानंतर आंबोण एकदम न वाढविता दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे.

वासराचा वाटा

फॅटच्या ओढीत एका जिवाचा विसर पडता कामा नये. नवजात वासराचे कोटीपोट कार्यक्षम नसते. त्याने प्यालेले दूध अन्ननलिकेच्या पुढील पन्हाळीतून थेट खऱ्या पोटात उतरते. पहिल्या आठवड्यांत त्याची वाढ बव्हंशी दुधातील स्निग्धांश आणि शर्करा यांवरच होते. पान्हा सुटण्यापुरते वासरू लावून ते ओढून बाजूस बांधले, तर त्याच्या वाट्यास पहिल्या पातळ धारा येतात. फॅट सर्वाधिक असते ती शेवटच्या धारांत. वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके दूध रोज वासरास मिळावे, असा साधा नियम आहे. तो न पाळल्यास आज वाचलेली फॅट दोन-तीन वर्षांनी गोठ्यातील वगार गमावून फेडावी लागते.

गावाने काय करावे?

दूध संकलन केंद्रातील फॅटची वही ही केवळ हिशेबाची वही नाही. ती गावच्या पशुधनाची प्रकृतीही सांगते. एखाद्या घरची फॅट उतरली तर बहुधा तेथे वैरण उणावली आहे, किंवा सरकी आणि तेल यांचा अतिरेक झाला आहे. नुकत्याच व्यालेल्या गाईची फॅट एकाएकी चढली आणि दूध घटले, तर पशुवैद्यकास कळविले पाहिजे. केंद्राच्या सचिवाने आठवड्यातून एकदा अशा नोंदी पशुधन विकास अधिकाऱ्यास दाखविल्या, तर पुष्कळ आजार वेळीच हाती लागतील.

पंचायत सदस्यांनी गायरानाचा काही भाग तरी गवतासाठी राखता येईल का, याचा विचार ग्रामसभेपुढे मांडावा. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना आपल्या घरच्या म्हशीच्या आहाराची बेरीज करावयास लावावी : कडबा किती, सरकी किती, ढेप किती आणि त्यांत तेल किती. गणिताचा तास आणि गोठा यांची अशी गाठ पडली, तर ती बेरीज घरोघरी पोचेल. अधिकाऱ्यांनी खुराकाच्या शिफारशी करताना आधी गंजीकडे पाहावे, मग पोत्याकडे.

जिल्ह्यातील अल्पभूधारक कुटुंबाला पावसाने दगा दिलेल्या वर्षी दोन वेळचा आधार देते ती दावणीची म्हैस. तिच्या दुधातील फॅट पाजलेल्या तेलातून वाढेल, या भरवशावर त्या कुटुंबाने राहू नये. फॅट वाढते ती पुरेशा कडब्याने, मोजून दिलेल्या सरकीने आणि व्याल्यानंतरच्या तीन महिन्यांत घेतलेल्या काळजीने. दाव्याशी कडब्याची पेंढी असली, तर केंद्रावरच्या आकड्याची फारशी चिंता करावी लागणार नाही.